साइडकार जोडायची तर आधी घरात टेप काढा

साइडकार, म्हणजे मोटरसायकलच्या बाजूला जोडायची एका चाकाची बैठक, बघायला जाण्याआधी तिच्यात बसणारं माणूस बघा. आमच्याकडे ती आई. गुडघ्यांमुळे तिला मोटरसायकलवर पाय टाकून बसता येत नाही, आणि एका बाजूला बसवलं की गतिरोधक आला की जीव मुठीत. म्हणून पहिलं माप घरातच घेतलं. ज्या खुर्चीवरून ती कोणाचाही हात न धरता उठते तिची उंची सतरा इंच. न धडपडता तिचा पाय उचलला जातो तो नऊ इंच. साइडकारची कड या नऊ इंचांहून उंच असेल तर बाजूला दार हवं, किंवा पायरी हवी. तयार मिळणाऱ्या बोटीच्या आकाराच्या साइडकार दिसायला देखण्या असतात, पण त्यांत उतरावं लागतं आणि बाहेर पडताना हातांवर भार घ्यावा लागतो. आईसाठी ते चालणार नव्हतं. तुमच्याकडे लहान मूल बसणार असेल तर नेमकं उलटं: खोल बैठक, उंच कड आणि पट्टा.

दुसरं माप फाटकाचं. साइडकारसकट गाडी साधारण दीड मीटर किंवा त्याहून रुंद होते. सोसायटीचं फाटक आणि पार्किंगची जागा मोजा. जुन्या नाशकातल्या बोळात राहत असाल तर वळणावर उभं राहून मोजा.

कागदपत्रांचं काम वेल्डरला अॅडव्हान्स देण्याआधीचं आहे, नंतरचं नाही. १९८८ च्या मोटर वाहन कायद्यात मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे, त्यामुळे हे वाहन कायद्याला अनोळखी नाही. पण आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करायला कलम ५२ आडवं येतं. नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत लेखी अर्ज द्या, उत्तर लेखी घ्या, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. हेल्मेट साइडकारमध्येही घालायचं. पूर्वी कलम १२९ मध्ये साइडकारमधल्या माणसाला सूट होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती काढली. आईच्या मापाचं हलकं हेल्मेट मी साइडकारच्या आधी आणलं, म्हणजे तिला सवय होईल.

गाडी कोणती? शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला हे ओझं लावू नका. बुलेट ३५० सारखी जड, खालच्या गिअरला ताकद असलेली गाडी घ्या, आणि चेनचं पुढचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, एका दाताने लहान करा, नाहीतर सिग्नलवर क्लच जळेल. आपल्याकडे साइडकार डावीकडे लागते, म्हणजे साडीगार्ड आणि साइड स्टँड दोन्ही जातात. नव्या गाड्यांत स्टँडला सेन्सर असतो, तो लोंबकळत ठेवू देऊ नका. मेन स्टँड मात्र राहू द्या. आणि गिअर डाव्या पायात असेल तर खालच्या क्लॅम्पची जागा ठरवताना स्वतः बूट घालून गाडीवर बसा, गिअर वर-खाली करून बघा. माझा अंगठा पहिल्या क्लॅम्पला घासत होता.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनवाल्यांची कमी नाही, पण नीट विचारून माणूस निवडा. साइडकारच्या चेसीसला (सांगाड्याला) सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा, पाइप हवा, फर्निचरचा नाही. गाडीच्या चेसीसवर वेल्डिंग अजिबात करू देऊ नका. चार ठिकाणी धरणारे क्लॅम्प हवेत, दोन खाली, दोन वर. तीन पॉइंटवर भागतं म्हणणाऱ्याकडून निघून या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला आहे का ते स्वतः वाचा. साइडकारच्या चाकाला स्वतःचा शॉकअप हवा, आणि जमलं तर ब्रेकही, मागच्या ब्रेकच्या पेडलला जोडलेला. तो नसला की ब्रेक दाबताच साइडकार पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे, समोरच्या वाहनांच्या दिशेने ओढली जाते. घरच्यांना बसवायचं असेल तर या खर्चात मी हात आखडणार नाही.

आता जोडणीचं माप. इथे एक अख्खा दिवस द्या. साइडकारचं चाक गाडीच्या मागच्या चाकाच्या रेषेत नसतं, सहा ते दहा इंच पुढे असतं. ते गाडीला अगदी समांतरही नसतं, पुढून किंचित आत वळलेलं असतं. त्यासाठी अॅल्युमिनियमचे दोन सरळ चॅनल घ्या. एक गाडीच्या दोन्ही टायरना टेकवून जमिनीवर ठेवा, दुसरा साइडकारच्या टायरला. पुढच्या चाकापुढे दोन चॅनलमधलं अंतर मोजा, मग मागच्या चाकामागे. पुढचं अंतर बारा ते वीस मिलिमीटरने कमी भरायला हवं. जास्त झालं तर टायर घासून जातात, उलटं झालं तर गाडी रस्त्यावर स्थिर राहत नाही. शिवाय गाडी साइडकारपासून बाहेर, म्हणजे उजवीकडे, एक-दोन अंश कललेली हवी. आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, आणि साइडकारचं वजनही डावीकडेच ओढतं.

हे सगळं माणसं बसवून मोजायचं. माझ्या गाडीचं माप पहिल्यांदा एका वर्कशॉपमध्ये रिकाम्या गाडीवर घेतलं गेलं. तिथे आकडे बरोबर होते. पण आई बसल्यावर शॉकअप दबले आणि नाशिक रोडहून घरी येईपर्यंत हँडल सतत डावीकडे ओढत राहिलं. रात्री माझा खांदा वर होत नव्हता. दुसऱ्यांदा मी गाडीवर बसलो, आईच्या वजनाइतकी गव्हाची पोती साइडकारमध्ये ठेवली आणि मग चॅनल लावले. गाडी अर्धा अंश आणखी बाहेर कलवली, ओढ गेली.

त्यानंतर शिकणं. वीस वर्षं बुलेट चालवली असली तरी हे वाहन नवीन आहे. वळताना ते झुकत नाही, हँडल फिरवूनच वळवावं लागतं. डावीकडे वळताना वेग जास्त असेल तर साइडकारचं चाक हवेत उचलतं, आणि ती रिकामी असेल तर फार लवकर. म्हणून सकाळी मोकळ्या मैदानात जा, साइडकारमध्ये पन्नास किलो वाळूचं पोतं बांधा आणि डावीकडे गोल फेऱ्या मारा, दहाच्या वेगाने, मग हळूहळू वाढवत. चाक उचललं तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, वेग हळूच सोडायचा, हँडल थोडं सरळ करायचं, ते खाली येतं. हे शरीराला पाठ होईपर्यंत रोज अर्धा तास. मला नऊ सकाळी लागल्या. वळणाआधीच वेग कमी करायचा आणि अंग डावीकडे टाकायचं, हेही तिथेच अंगवळणी पडतं.

खड्डे चुकवायची जुनी सवय इथे कामाला येत नाही. गाडीचे माग आता तीन आहेत, पुढचं चाक वाचवाल तर साइडकारचं आदळेल, आणि तो धक्का आईच्या कमरेला बसेल. बैठकीला जाड फोम घाला, धरायला कड द्या, पावसासाठी टप आणि पुढे काच. त्र्यंबकच्या बाजूला पावसात जायचं असेल तर तळाला पाणी जायला दोन भोकं ठेवा.

दोघं बसणार असतील तर जड माणूस साइडकारमध्ये, हलकं मागे. नांदुरीच्या घाटातून सप्तशृंगी गडावर न्यायचा विचार सहा महिने तरी लांब ठेवा.

आईला घेऊन पहिली फेरी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंतच. निघण्याआधी प्रत्येक नट-बोल्टवर पांढऱ्या मार्करने आडवी रेघ मारा. परत आल्यावर हातात टॉर्च घेऊन खाली बसा आणि रेघा बघा. जिथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट फिरला. तो आवळा, वरून चेकनट (नट सैल होऊ नये म्हणून लावायचा दुसरा नट) घाला, आणि पुढचे ५० किलोमीटर एकटेच चालवा.