सातबाऱ्यावरचं हेक्टर इंग्रजीत कसं लिहायचं

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार वर्षभर चालूच असतात. पण हल्ली पोरं परदेशी शिकायला निघाली की वडलांच्या सातबाऱ्याचं इंग्रजी करून मागतात. काहीजण घरूनच करून आणतात आणि म्हणतात, ‘ताई, फक्त नजर टाका.’ मी नजर टाकते ती थेट क्षेत्राच्या रकान्यावर. नावं, गट नंबर बहुतेक बरोबर असतात, घोळ तिथेच असतो.

रकान्याच्या डोक्यावर ‘हे.आर.चौ.मी.’ असं लिहिलेलं असतं आणि खाली समजा १.२०.५० हा आकडा असतो. म्हणजे १ हेक्टर, २० आर, ५० चौरस मीटर. हेक्टर म्हणजे १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशी जागा, एकूण १०,००० चौरस मीटर. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर. १०० आरचा एक हेक्टर. हे माप फ्रान्समध्ये १७९५ साली कायद्यानं ठरलं, आणि ‘हेक्ट’ म्हणजे शंभर.

दोन्हीकडे शंभराचाच हिशोब असल्यामुळे काम सोपं होतं. दुसरा टिंब काढून टाका. १.२०.५० चे झाले १.२०५० हेक्टर. संपलं.

फक्त शून्य गाळू नका. जमीन ‘एक हेक्टर पाच आर’ असेल तर ती १.०५ हेक्टर, १.५ नव्हे. १.५ म्हणजे एक हेक्टर पन्नास आर. फरक ४५ आरचा, म्हणजे एक एकराहून जास्त. तोंडी सांगताना कुणी ‘एक पॉइंट पाच’ म्हणालं, तर मी कागद बघितल्याशिवाय टाइप करत नाही.

आता स्पेलिंग. एच-ई-सी-टी-ए-आर-ई. आपण ‘हेक्टर’ म्हणतो म्हणून लोक शेवटी ओ-आर लावतात. ते ग्रीक कथेतल्या ट्रॉयच्या राजपुत्राचं नाव आहे, नाहीतर रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचं. इंग्रजी बोलणारे या मापाचा उच्चार ‘हेक्टेअर’च्या जवळ करतात. व्हिसाच्या मुलाखतीत विचारलं तर तसं म्हणा.

आकडा एकापेक्षा मोठा असेल तर शेवटी एस लावून अनेकवचन करायचं: टू हेक्टेअर्स ऑफ लँड. पण तोच शब्द विशेषण म्हणून प्लॉटच्या आधी आला तर एस जातो आणि मधे जोडरेघ येते: अ टू-हेक्टेअर प्लॉट. जागा कमी असेल तर एच आणि ए ही दोन लहान अक्षरं पुरतात. ती मोठी लिहू नका, पुढे टिंब नको, एस तर नकोच. आकडा आणि अक्षरं यांच्यात एक जागा मोकळी सोडा.

‘हे.आर.’चं इंग्रजी करताना एच.आर. लिहिलेले कागद माझ्याकडे येतात. बाहेरचा माणूस ते वाचून कंपनीतलं माणसं भरणारं खातं आठवेल, जमीन नाही. आर या मापाचं इंग्रजी स्पेलिंग ए-आर-ई. वाक्यात ते क्रियापदासारखं दिसतं आणि वाचणारा अडखळतो. शिवाय मापांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हेक्टर अजून टिकून आहे, आर त्यात नाही. म्हणून आर वेगळे लिहूच नका, सगळं हेक्टरमध्ये नाहीतर चौरस मीटरमध्ये आणा.

नुसतं क्षेत्र बघून भागत नाही. गटाचं एकूण क्षेत्र वेगळं आणि तुमच्या वडलांच्या नावासमोरचं वेगळं. चार भावांचा गट असेल तर एकूण आकडा वडलांचा म्हणून टाकू नका. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा दाखवलेला असेल तर इंग्रजीतही वेगळाच दाखवा. आणि शेजारचा ‘आकार’ हा रकाना रुपये-पैशांचा आहे, तिथला ३.४० म्हणजे ३ हेक्टर ४० आर जमीन नव्हे!

आपल्या माणसाला मात्र एकर-गुंठ्यातच कळतं. हेक्टरला २.४७१ ने गुणा: १.२०५० चे झाले २.९८ एकर. हे दोन एकर अठ्ठ्याण्णव गुंठे नाहीत, कारण एकराला गुंठे चाळीसच. .९८ ला ४० ने गुणलं की साधारण ३९ येतात, म्हणजे २ एकर ३९ गुंठे.

गुंठा आणि आर एकच, असंही गावात सर्रास धरतात. गुंठा आला ३३ फुटी साखळीतून. ३३ बाय ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, मीटरमध्ये १०१.१७. आरपेक्षा तो किंचित मोठा. ०.४०.०० असलेल्या जमिनीला लोक बेधडक एकर म्हणतात, पण ती एकराला जवळपास ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट कमी पडते. व्यवहारात त्यावरून भांडणं होतात.

जुना हस्तलिखित उतारा असेल तर त्यावर एकर-गुंठे असू शकतात. २-३९ असं काही. त्याला दशांश समजू नका. आधी सगळ्याचे गुंठे करा, २ गुणिले ४० अधिक ३९, म्हणजे ११९. त्याला १०१.१७ ने गुणा, आले १२,०३९ चौरस मीटर. दहा हजारांनी भागा, १.२०३९ हेक्टर.

नवा उतारा आणि हे गणित यांच्यात थोडा फरक पडलाच, तर भाषांतरात नव्या उताऱ्यावरचाच आकडा ठेवा. आपलं गणित त्यावर चढवायचं नाही. एकर द्यायचेच असतील तर पुढे कंसात द्या, आणि ‘अंदाजे’ला जो इंग्रजी शब्द आहे तो आधी लावा.