गोल विणकाम: वाटी होते, वीण जुळत नाही, मध्य सरकतो. चूक नेमकी कुठे?

गोल मागावरचा बिघाड डोळ्यांना दिसतो दहाव्या-बाराव्या फेऱ्याला, पण तो बहुधा ताणा, म्हणजे मागावर आधी ताणून बसवलेले धागे, चढवतानाच झालेला असतो. म्हणून आधी ताण्याकडे बघू. उदाहरणादाखल माग म्हणून 12 सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची चकती आणि कडेला 25 खाचा धरल्या आहेत. चहाच्या कपाखाली ठेवायची चकती विणायला हे माप पुरते. मध्यापासून खाचेपर्यंत जाणाऱ्या धाग्याला आपण आरा म्हणू.

खाचा मोजून पाडा, अंदाजाने नको

सलग एकाच बाण्याने, म्हणजे आऱ्यांमधून विणत जाणाऱ्या धाग्याने, ‘एक वर, एक खाली’ विणत गोल फिरायचे, तर आरे विषम हवेत. सम असतील तर दुसऱ्या फेऱ्यातही धागा त्याच आऱ्यांवरून जातो, वीण बांधलीच जात नाही. बुरुडाच्या टोपलीचेही गणित हेच: एकच पट्टी सलग फिरवायची, तर उभ्या कामट्या विषम लागतात.

पण नुसते ‘विषम घ्या’ एवढे सांगून भागत नाही. मध्याजवळ आरे इतके दाटतात की पहिले तीन-चार फेरे दोन-दोन आरे एकत्र धरूनच विणावे लागतात. 25 आऱ्यांच्या 12 जोड्या आणि एक सुटा, म्हणजे 13 गट. विषम, काम चालले. 27 आरे घेतले तर 13 जोड्या आणि एक सुटा मिळून 14 गट होतात आणि पहिल्याच फेऱ्यानंतर वीण फसते. तेव्हा 4 ने भागल्यावर 1 उरेल असा आकडा घ्या: 17, 21, 25, 29. मोठ्या, 20 सेंमी चकतीला 49. चुकून 27 पाडल्याच असतील, तर एका ठिकाणी तीन आरे एकत्र धरा. 13 गट होतात.

दोन रंगांचे धागे आलटून-पालटून एकेक फेरा फिरवणार असाल, तर मात्र सगळे उलटते. विषम आऱ्यांवर पहिल्या रंगाचा दुसरा फेरा नेमका दुसऱ्या रंगाच्या वाटेने जातो आणि दोन धागे एकाच मार्गात बसतात. तिथे सम आरे हवेत. शेजारचे दोन आरे कायमचे एक धरले की 25 चे 24 होतात.

कडेला दोन खाचांत 1.2 ते 1.5 सेंमी अंतर ठेवा. त्याहून जास्त झाले की बाहेरचे फेरे लोंबतात. कोनमापकाने 14.4 अंश मोजत बसू नका. कडेइतकी, म्हणजे सुमारे 37.7 सेंमी लांब कागदी पट्टी घ्या, दीड-दीड सेंमीवर खुणा करा आणि कडेभोवती गुंडाळा. शेवटी दोन मिलिमीटर उरतात, ते खपून जातात. खाच 5 मिमी खोल. खोक्याचा पुठ्ठा एकेरी वापरू नका. दोन तुकडे आतल्या उभ्या नाल्या एकमेकींना आडव्या येतील असे चिकटवा, नाहीतर चकती वाकते. पावसाळ्यात पुठ्ठा सर्द होतो, तेव्हा पातळ प्लायवूड बरा.

ताणा

ताण्याला लोकर नको, ती ताणली जाते. न ताणणारा, पीळदार सुती दोरा घ्या. सव्वादोन मीटर पुरतो. खाचांना ओळीने 1 ते 25 आकडे द्या. दोऱ्याचे टोक मागे चिकटवा. पुढून 13 ते 1, मागून 1 ते 2, पुढून 2 ते 14, मागून 14 ते 15, पुढून 15 ते 3, असे चला. शेवटी पुढून 12 ते 24, मागून 24 ते 25 आणि 25 पासून फक्त मध्यापर्यंत. तिथे सुई सगळ्या धाग्यांखालून दोनदा फिरवा, ओढा आणि गाठ मारा.

ही गाठ मारण्याआधी मध्यात छोटे कडे दिसते. ती तुमची चूक नाही. विषम खाचांमुळे एकही धागा बरोबर मध्यातून जात नाही, या मापात तो सुमारे 4 मिमी बाजूला राहतो. चूक होते ती गाठ ओढताना. मध्यावर आधी पेन्सिलने खूण करा आणि धागे त्या खुणेवर गोळा करा, नाहीतर आख्खी वीण एका अंगाला जाते.

वाटी आणि झालर

सगळ्यात जास्त तक्रार हीच. बाण्याची लांबी त्या फेऱ्याच्या परिघापेक्षा कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर, म्हणजे कड लाटांसारखी वरखाली होते. ताणा फार आवळला असेल तरीही झालर होते: मागावरून काढल्यावर आरे आखडतात, परिघ तेवढाच राहतो.

वाटी मागावर असताना लपते, कारण पुठ्ठा वीण धरून ठेवतो. तिची खूण म्हणजे आरे सरळ न राहता तिरके होणे, किंवा चकतीची कड वर येणे. बाणा एका दमात ओढू नका. पाव फेरा विणा, धाग्याला सेंटिमीटरभर उंच कमान ठेवा, मग जेवणाच्या काट्याने ती मध्याकडे दाबून बसवा. तिरकेपणा दिसला तर तेवढे फेरे उसवा. ‘नंतर इस्त्री करू’ या भरवशावर राहणे महागात पडते: लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो, तो थेट इस्त्रीने वितळतो. सुती किंवा खरी लोकर असेल तर वीण ओलसर करून टाचण्यांनी सपाट ताणून वाळवा; थोडीफार वाटी जाते, सगळी नाही.

बाकीचे थोडक्यात

बाणा एका वेळी मीटरभरच घ्या. लांब धागा गुंततो आणि पिंजतो. सुई बोथट टोकाची हवी, टोकदार सुई आऱ्याचा दोरा फोडते. नवा धागा जोडताना गाठ नको: जुना आणि नवा तीन-चार आऱ्यांवर एकाच वाटेने न्या, टोके मागे सोडा, आणि प्रत्येक जोड वेगळ्या जागी घ्या. 25 व्या आऱ्याला रंगाची खूण करा. तिथे पोचल्यावर धागा मागच्या फेऱ्याच्या उलट जात नसेल, तर याच फेऱ्यात एखादा आरा सुटला आहे, लगेच उसवा.

वीण खाचांना टेकेपर्यंत विणा. सेंटिमीटरभर ताणा मोकळा राहिला तर बाहेरचे फेरे घसरून सुटतात. शेवटच्या फेऱ्यात बाणा प्रत्येक आऱ्याभोवती एक वेढा देऊन पुढे न्या. मग पुठ्ठ्याचे दाते वाकवून मागचे 12 फास एकेक करून सोडवा. 13 व्या खाचेतले सुरुवातीचे टोक कडेला कापू नका. सुईत ओवून त्याच आऱ्यालगत दोन-तीन सेंमी आत घाला, मग कापा.