अमेरिकेतील राज्यांचे गांजा-परवाना नियम बदलून घ्यायचे असतील तर

खटकणारी अट नेमकी कोठे लिहिलेली आहे, हे आधी शोधावे. ती राज्यघटनेत, कायद्यात, नियामक संस्थेच्या नियमांत किंवा शहराच्या उपविधीत असू शकते आणि दाद कोणाकडे मागायची हे त्यावरूनच ठरते. फ्लोरिडात लागवडीपासून विक्रीपर्यंतचे सर्व टप्पे एकाच परवानाधारकाने सांभाळावेत ही अट कायद्यातच आहे आणि २०२१ मध्ये ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही टिकली. त्यामुळे तेथे आरोग्य विभागाला निवेदने देऊन उपयोग नाही, विधिमंडळातच दुरुस्ती आणावी लागेल. कॅलिफोर्नियात स्थानिक मान्यतेशिवाय राज्याचा परवाना मिळत नाही, म्हणून तेथे अनेकदा नगर परिषदेतच बाजू मांडावी लागते.

अट नियमांतली असेल तर मसुद्यावर हरकती व सूचना नोंदवाव्यात. त्यासाठी कॅलिफोर्नियात किमान ४५ दिवस मिळतात आणि संस्थेला प्रत्येक हरकतीची लेखी दखल घ्यावी लागते. नुसती तक्रार सहज बाजूला पडते. कलमाचा क्रमांक, सध्याचे शब्द, त्यांच्या जागी हवे असलेले शब्द आणि बदलामुळे कोणाचा किती खर्च वाचेल, हे सारे द्यावे.

मागणी काय करावी, हा खरा कठीण प्रश्न आहे. ओक्लाहोमाने २०१८ मध्ये संख्येची मर्यादा न घालता २,५०० डॉलर शुल्कात वैद्यकीय गांजाचे परवाने दिले. तपासणी यंत्रणा अपुरी पडली आणि २०२२ मध्ये नवे परवाने थांबवावे लागले. इलिनॉयने उलट टोक गाठले: २०२० मध्ये ७५ दुकानांच्या परवान्यांसाठी अर्जांना गुण देऊन निवड (गुणांकन) केली, पण सोडतीस अवघे २१ अर्जदार पात्र ठरले, आणि दावे व कायद्यातील दुरुस्ती यांत २०२२ उजाडले. माझ्या मते गुणांकनाचा आग्रह सोडावा (त्यात फायदा मुख्यतः अर्ज लिहून देणाऱ्या सल्लागारांचाच होतो), स्पष्ट किमान पात्रता मागावी आणि मर्यादा अटळच असेल तर पात्र अर्जदारांत सोडत काढावी. जागा ताब्यात असण्याची अट सशर्त परवाना (उरलेल्या अटी नंतर पूर्ण करण्याच्या बोलीवर मिळणारा) मिळाल्यानंतर लागू व्हावी, म्हणजे निकालाची वाट पाहताना रिकाम्या गाळ्याचे भाडे भरावे लागणार नाही. स्थानिक रहिवाशांसाठी राखीव परवाने मात्र जपूनच मागावेत. मेन राज्यातील अशी अट संघीय अपील न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली.

शेवटी मसुद्यात अंमलाची तारीख आणि प्रलंबित अर्जांना जुना नियम लागेल की नवा, हे स्पष्ट लिहावे. नाहीतर बदल मंजूर होऊनही प्रकरण न्यायालयात अडकते.