वाय दाबलं तरी प्रोग्राम ऐकत नाही? आधी इनपुट छापून बघा

फर्स्ट इयरच्या सी या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला ज्युनियर्सना मदत करतो, तिथे हमखास येणारी तक्रार म्हणजे "दादा, इफ चालत नाहीये". इफ म्हणजे अट तपासणारी ओळ, ती चालतेय हो, तिच्यापर्यंत काय पोचलंय तेच कोणी बघत नाही. म्हणून अट खोडायच्या आधी प्रिंटएफमध्ये (स्क्रीनवर छापणारं फंक्शन) परसेंट डी लावून आलेलं कॅरेक्टर आकड्यात छापा, कारण सी प्रत्येक अक्षर आकडा म्हणूनच ठेवतं. वाय दाबलं की १२१ दिसायला पाहिजे, कॅप्स लॉक चालू राहिला असेल तर ८९, आणि १० दिसलं तर तो एंटर आहे.

हा १० सगळ्यात जास्त छळतो. आधी स्कॅनएफने (कीबोर्डवरून इनपुट घेणारं फंक्शन) मार्क घेतले, तुम्ही ७८ टाईप करून एंटर मारलं, ७८ उचलले गेले पण एंटर बफरमध्येच (टाईप केलेलं वाचलं जाईपर्यंत थांबतं ती जागा) पडून राहिला, मग "अजून एक विद्यार्थी? वाय/एन" साठी परसेंट सी वाला, म्हणजे एकच कॅरेक्टर घेणारा स्कॅनएफ आला की तो तुमची वाट न बघता तोच एंटर उचलतो आणि प्रोग्राम सुसाट पुढे. कोट्समध्ये परसेंट सीच्या आधी एक स्पेस द्या, झालं काम. एसटीडीइन एफफ्लश करायचा, म्हणजे इनपुटचा बफर रिकामा करायचा सल्ला मिळेल, पण सीच्या स्टँडर्डमध्ये त्याची काही गॅरंटी नाही, त्या नादी लागू नका.

आकडा बरोबर येतोय आणि तरी गडबड, मग अटीकडे वळा. तुलना करणाऱ्या == च्या जागी एकच = पडलं की व्हेरिएबलमध्येच १२१ भरलं जातं, आणि ते शून्य नाही म्हणून अट कायम खरी. टर्बो सी हा कंपायलर पण याची वॉर्निंग देतो, जीसीसी या दुसऱ्या कंपायलरला मायनस वॉल (-Wall) लावलं की तोही देतो, पण एरर नाही ना, मग वाचतो कोण!

"वाय नसेल किंवा एन नसेल तर परत विचार" असं || ने (किंवा) लिहिलं तर लूप संपणारच नाही, एक अक्षर एकाच वेळी वाय आणि एन दोन्ही कसं असेल? तिथे && (आणि) पाहिजे.

एल्स इफमध्ये (एकामागून एक तपासल्या जाणाऱ्या अटी) ३५ ची अट वर ठेवली की ७८ वाल्यालाही नुसतं पास मिळतं, ७५ च्या डिस्टिंक्शनपर्यंत गाडी जातच नाही. मोठा आकडा आधी घ्या. आणि टेस्ट करताना ३४, ३५, ७४, ७५ टाका, एकदा मार्कांच्या जागी मुद्दाम अक्षरं टाका, स्कॅनएफ शून्य रिटर्न करतो आणि ती अक्षरं बफरमध्ये तशीच राहतात, तेवढं इफने चेक करून घ्या.