जर्मनीला मास्टर्सला निघताना: कागद, पैसे आणि गोडा मसाला

जर्मनीत मास्टर्स करायचं पक्कं झालं की विद्यापीठांच्या याद्या काढत बसण्याआधी एपीएसचं, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी असल्याचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, काम मार्गी लावा. भारतात शिकलेल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी हे सर्टिफिकेट लागतं आणि बरीच विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. फी १८,००० रुपये. गर्दीच्या दिवसांत किती आठवडे जातील याचा नेम नसतो. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला, काही ठिकाणी तर त्याच्याही आधी संपते. शेवटच्या वर्षात असतानाही एपीएसला अर्ज करता येतो, तेव्हा निकालाची वाट बघत बसू नका.

आपल्याकडची खास भानगड नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेजारी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेली दोन नावं एकत्र. त्यात बारावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्तीचं. ही दुरुस्ती बोर्डाच्या किंवा विद्यापीठाच्या खिडकीवर आत्ताच करून घ्या, जर्मनीत गेल्यावर ती नुसत्या ईमेलवर होत नाही. एपीएस, विमा, बँक, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव लिहायचं. जन्माचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रतही काढून ठेवा.

आता पैसे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तिथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. घरचे म्हणतात, एवढे भरले, आता वर्षभर बघायला नको. हिशेब नीट करा. आरोग्य विमा साधारण १४० ते १५० युरो, लहान शहरात हॉस्टेलची खोली तीनशे-चारशे, उरलेल्यात खाणं, फोन, पुस्तकं. म्युनिकमध्ये खोलीच सातशेच्या पुढे गेली तर पुढचं गणित तुम्हीच मांडा. शिवाय हे पैसे उतरल्या उतरल्या मिळत नाहीत. आधी तिथल्या बँकेत खातं उघडायचं, मग ब्लॉक्ड अकाउंट सुरू करून घ्यायचं, त्यात काही आठवडे सहज जातात. नेमका त्याच काळात घरमालक अनामत मागतो, आणि ती कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचे पैसे फॉरेक्स कार्डवर वेगळे ठेवा. एज्युकेशन लोन काढत असाल तर ही रक्कम मंजुरीत धरायला बँकेला सुरुवातीलाच सांगा. आणि पार्टटाइम नोकरीच्या भरवशावर पहिलं सत्र आखू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे खरी, पण जर्मन बोलता येत नसेल तर कामं मोजकीच मिळतात. इथे असतानाच जर्मन बी१ पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतक्या पातळीपर्यंत, शिकून घेतलेलं बरं.

घर हा सगळ्यात अवघड भाग. विद्यार्थी हॉस्टेलं श्टुडिरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, चालवते. प्रवेश मिळाला की त्याच दिवशी तिथे अर्ज टाका, काही शहरांत रांग सत्र-दोन सत्रांची असते. 'मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल' असं म्हणणारा घरमालक भेटला तर तो चोर समजायचा; खोली किंवा करार न बघता एक युरोही पाठवू नका. भाडं 'कोल्ड' सांगितलंय की 'वॉर्म', म्हणजे हीटिंगसकट, हे विचारा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो कागद मिळणार नसेल तर खोली स्वस्त असली तरी सोडा. टपालपेटीवर स्वतःचं आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवा. तिथे पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, खोली नंबर बघून नाही. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर सगळं टपालानेच येतं.

विद्यार्थ्यांच्या दरातला सरकारी विमा तिशीपर्यंतच मिळतो. वय त्यापुढे असेल तर पर्याय आधी शोधा. विमान उतरल्यापासून विद्यापीठात नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा घ्या.

सामानात आईची इच्छा आणि कस्टम्सचे नियम यांचं पटत नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, खिमा, घरीच राहणार. ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला न्या. तांदूळ, डाळी, पोहे तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, त्यांनी बॅग भरू नका. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, आमसुलं यांना जागा द्या. कुकर खालून सपाट, इंडक्शनवर चालणारा घ्या, सोबत जास्तीची रिंग आणि शिटी. दोन पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बहुधा बसतात, आपले तीन पिनांचे बसत नाहीत. थंडीचं जाड जॅकेट तिथेच घ्या. इथे मिळणारं तिथल्या जानेवारीला पुरत नाही.

अभ्यासाबद्दल दोनच गोष्टी. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, तेव्हा घरी मार्क सांगताना आधी हे समजावा. बहुतेक विद्यापीठांत लेक्चरला बसलात म्हणून परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची तारीख वेगळी, आणि ती चुकली की पेपर पुढच्या खेपेला.

निघायच्या आठवड्यात भारतातल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या आणि नंबर चालू राहील इतका रिचार्ज घरच्यांना दर महिन्याला करायला सांगा. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि लोनचा पुढचा हप्ता सोडवायची वेळ येते तेव्हा तुम्ही चार हजार मैलांवर असता. लोनच्या कागदांवर सह्या करायचे अधिकार आई किंवा बाबांना द्यायचे असतील तर मुखत्यारपत्र इथेच करून ठेवा.