मांजरीची बीपी-किडनीची औषधं : या चुका टाळा

आमची बुंदी 14 वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात ती सारखी पाणी प्यायला लागली, वजन उतरलं आणि तपासणीत किडनीचा आजार व वाढलेलं बीपी दोन्ही एकदमच निघालं. तेव्हापासून रोज सकाळी सातला ओट्यावर गोळीचे तुकडे करणं हे माझं काम.

सगळ्यात घातक चूक मेडिकलच्या काउंटरवरच होते. मांजरीच्या बीपीसाठी बहुतेकदा आधी ॲम्लोडिपिन देतात. सुरुवातीचा डोस साधारण 0.625 मिलिग्रॅम, म्हणजे माणसांच्या 2.5 मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर. चिठ्ठीवर साधं ॲम्लोडिपिन असताना मला एकदा ‘एस-ॲम्लोडिपिन 2.5’ मिळालं. ‘एकच आहे ताई,’ असं वर ऐकवलं. एकच नाही! एस-ॲम्लोडिपिन 2.5 म्हणजे साधं 5, म्हणजे डोस सरळ दुप्पट. ॲटेनोलॉल किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी औषधं मिसळलेल्या जोडगोळ्याही दिसायला तशाच असतात. पाकिटाच्या मागचे बारीक अक्षरातले घटक वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

5 ची गोळी आणून तिचे आठ तुकडे करायला जाऊ नका, सारखे होतच नाहीत. 2.5 चीच आणा आणि सुरीऐवजी गोळी कापायचं छोटं कटर वापरा. सुरीखाली एक तुकडा उडतो, दुसऱ्याचा भुगा होतो, आणि चार किलोच्या जिवाला तेवढा फरकही पुष्कळ. आपल्याकडे नागपुरात एप्रिल-मेमध्ये दिवसभर कूलर चालतो, खोलीत दमटपणा असतो. उघडे ठेवलेले तुकडे मऊ पडतात. दोन-चार दिवसांपुरतेच कापा आणि घट्ट झाकणाच्या डबीत, उजेडापासून दूर ठेवा.

गोळी कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत अडकू शकते. लगेच बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने पाचेक मिली पाणी हळूहळू द्या. गोळी चुरून अख्ख्या वाटीत कालवू नका. तिनं अर्धं खाल्लं तर डोस अर्धाच गेला, आणि कडू चव लागली तर ती ते खाणंच सोडते. किडनीच्या आजारात देतात त्या फॉस्फरस बांधणाऱ्या औषधाचं मात्र नेमकं उलटं. ते जेवणातलाच फॉस्फरस आतड्यात धरून ठेवतं, म्हणून जेवणासोबतच हवं. उपाशीपोटी दिलं तर वाया.

बीपी उतरलं म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच उतरलेलं असतं. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. पण उलट्या, जुलाब सुरू झाले किंवा जेवण सुटलं, तर टेल्मिसार्टन किंवा बेनाझेप्रिल (बीपी-किडनीसाठी देतात ती औषधं) चालू ठेवायचं का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ही औषधं किडनीवरच उलटू शकतात, आणि 45 अंशांच्या नागपुरात पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही. घरात तीन-चार जागी पाणी ठेवा, ओलं खाणं द्या.

अंग दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल? कधीच नाही. मांजरीला एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

बीपी मोजताना घाई नको. धरमपेठेतला दवाखाना असो की सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, शेजारी कुत्रा भुंकत असेल तर भीतीनंच आकडा चढतो. पिंजऱ्यावर टॉवेल टाकून पाच-दहा मिनिटं शांत बसू द्या. पहिला आकडा सोडून पुढच्या पाच-सहांची सरासरी काढायला सांगा. वरचा आकडा 160 किंवा जास्त असेल तर बीपी वाढलेलं, 180 च्या पुढे डोळ्यांना मोठा धोका. डोस बदलल्यावर सात ते दहा दिवसांत पुन्हा मोजून घ्या.

मांजर अचानक भिंतीला धडकायला लागली, दिवा लावला तरी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर म्हातारपण समजून सकाळपर्यंत थांबू नका. डोळ्याचा पडदा सुटलेला असू शकतो. बीपी लवकर खाली आलं तर काही मांजरींची नजर थोडीफार परत येते.