वाकडा अल्बम ऐकायचा कसा, आणि त्याला मार्क द्यायचे कसे

चोपड्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी येतात, मी स्टेटरमधली, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातली, काळी पडलेली तार उपसतो, नवी भरतो. काम हाताचं, कान रिकामे. त्या रिकाम्या कानांनी मी बऱ्याच वर्षांपासून अल्टरनेटिव्ह आणि एक्सपेरिमेंटल रॉक ऐकत आलोय आणि जुन्या पावतीपुस्तकांच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येक अल्बमला मार्क देत आलोय. कॉलेजची पोरं दुकानात येतात नि विचारतात, "दादा, हाई कसं ऐकतस तुम्ही?" त्यांना दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी मोबाईल सरळ करा. शफल बंद. एक गाणं दुसऱ्यात विरघळवणारा क्रॉसफेड बंद. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनाने भलतंच काही लावतं, तो ऑटोप्लेही बंद. शेवटचं गाणं संपल्यावर जी शांतता येते तिच्यातच अल्बमबद्दलचं निम्मं मत तयार होतं. तिथे दुसऱ्याच बँडचा ढोल वाजला की ते गेलं. आणि 'डिलक्स' आवृत्तीपासून सांभाळा. रेडिओहेड या इंग्लिश बँडचा १९९७ चा 'ओके कॉम्प्युटर' १२ गाण्यांचा आहे. २०१७ मध्ये तो नव्याने काढला तेव्हा त्यात २३ गाणी होती. ज्यादाची ११ वाईट नाहीत, पण मार्क द्यायचे ते बाराला. बारावं संपलं की थांबायचं.

हेडफोन भारी लागतात असं काही नाही. वायरवाले, कानात घट्ट बसणारे, हजार-दीड हजाराचे पुरतात. पैशांपेक्षा जागा आणि वेळ महत्त्वाची. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे घराघरात कूलर, आणि कूलरच्या घरघरीत टॉक टॉक या बँडचा 'लाफिंग स्टॉक' (१९९१) लावणं म्हणजे त्या बँडचा अपमान आहे. त्यात कित्येक ठिकाणी एखादी तार हळूच छेडलेली असते आणि मग बराच वेळ नुसती हवा. हा बँड स्टुडिओत जवळजवळ अंधार करून वाजवत बसायचा, वाजवलेल्यातलं बरंचसं फेकून द्यायचा आणि उरलेलं जोडायचा. तेव्हा उन्हाळ्यात असले अल्बम पहाटे गच्चीवर ऐका. थंडीत कधीही ऐका.

आवाजाची पट्टी मात्र एकच ठेवा. दोन अल्बमांपैकी जो जरा मोठ्याने वाजतो तो कानाला चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. ॲपमध्ये आवाज समान करायची सोय असते. तुलना करताना ती चालू ठेवा.

आता ऐकणं. पहिल्या खेपेला मन लावून ऐकू नका. मी पहिल्यांदा अल्बम लावतो तो कॉइल भरताना. अर्धं लक्ष तारेवर असतं. जिथे हात आपोआप थांबतो, ती जागा लक्षात ठेवायची. दुसऱ्यांदा मात्र काहीही न करता बसायचं, मोबाईल उलटा ठेवून. तिसरी खेप आठवड्याने. तोवर आकडा लिहायचा नाही.

आकड्याच्या आधी वाक्य लिहायचं. गिऱ्हाईक मोटार आणतं आणि म्हणतं, "आवाज करते." तेवढ्यावर मला काहीच कळत नाही. मी मोटार चालू करतो, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवतो नि मूठ कानाच्या हाडाला लावतो. करकर आली तर बेअरिंग, घूं-घूं आली तर एखादा फेज कमी, ठराविक वेळाने टक् वाजलं तर कुठेतरी काही घासतंय. अल्बमचंही असंच स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकायचं. "गाणारा बरोबर ऐकूच येत नाही" हे गिऱ्हाइकाचं वाक्य झालं. "गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम गिटारच्या खाली दाबलाय, आणि त्यामुळे तो आवाज न वाटता आणखी एक वाद्य वाटतो" हे मिस्त्रीचं.

हे दुसरं वाक्य माझ्या वहीत माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या 'लव्हलेस'समोर आहे, १९९१ चा अल्बम. त्यांचा गिटारवाला केव्हिन शील्ड्स गिटार वाजवताना तिचा ट्रेमोलोचा दांडा हातात धरूनच तारा छेडतो. त्यामुळे प्रत्येक स्वर जागेवर उभा राहत नाही, सतत वरखाली लवतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं कॅसेट ताणली गेलीय. सुमारे दोन वर्षं, एकोणीसेक स्टुडिओ फिरत हा अल्बम झाला, आणि गिटार जवळजवळ सगळी त्या एकट्याची आहे. तेव्हा ही ताणलेली कॅसेट अपघात नाही, इतकं तर धरून चालायला हरकत नाही. हा अल्बम हळू आवाजात लावला तर चिखल वाटतो. तेवढ्यापुरता माझा एका पट्टीचा नियम मोडा आणि दोन घरं वाढवा.

अपघात की सराव, हे ओळखायला सगळ्यात अवघड जातं ते अमेरिकन गायक कॅप्टन बीफहार्ट आणि त्याच्या बँडच्या 'ट्राउट मास्क रेप्लिका'त (१९६९). २८ गाणी, सव्वा तासाच्या वर. ड्रम एका वाटेने, दोन गिटार दोन वाटांनी, माणूस चौथ्याच वाटेने ओरडतोय. कुणालाही वाटेल, पोरांना वाजवता येत नाही. खरं म्हणजे लॉस एंजेलिसजवळच्या एका घरात महिनोन्‌महिने कोंडून घेऊन त्यांनी हे पाठ केलं होतं, आणि स्टुडिओत गेल्यावर बरीचशी वाद्यं काही तासांत उरकली. यावर एक सोपी चाचणी आहे. एखादा 'चुकलेला' तुकडा निवडा नि पाच वेळा ऐका. सगळी वाद्यं एकाच क्षणी थांबतात का? थांबत असतील तर ते मोजून चुकतायत. बीफहार्टकडे थांबतात. एवढं करूनही मला तो अल्बम पुन्हा लावावासा वाटत नाही, त्याचं काय करायचं ते पुढे येईलच.

लांबलचक गाण्यांना पोरं घाबरतात. आपल्याकडच्या माणसाने तरी घाबरू नये. काठीच्या होळीला कधी गेलात? सातपुड्यात, अक्कलकुव्याकडे. रात्रभर ढोल तोच, पावलं तीच, आणि होळी पेटते पहाटे. मध्यरात्रीनंतर कधीतरी त्याच तालातले बारीक फरक कानाला दिसायला लागतात. कॅन या जर्मन बँडचा 'टागो मागो' (१९७१) लावा आणि 'हालेलुवा'वर या. साडेअठरा मिनिटं, तबकडीची एक अख्खी बाजू. याकी लीबेझाइट नावाचा ड्रमर, आधी फ्री जॅझ, म्हणजे ठरलेल्या तालाला न बांधलेलं जॅझ, वाजवणारा, इथे एकच चाल धरतो नि सोडत नाही. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो, मग कंटाळ्याचाच कंटाळा येतो, आणि मग हाय-हॅटवर, म्हणजे ड्रममधल्या झांजांच्या जोडीवर, त्याने केलेली अर्ध्या मात्रेची खोडी ऐकू येते. ती खोडी ऐकू येईपर्यंत मत देऊ नका. त्याच अल्बममधलं 'आउम्ग्न' मात्र सतरा मिनिटांचं आहे आणि ताल जवळजवळ नाहीच. ते मला अजून आवडलेलं नाही.

दीर्घ, न हलणाऱ्या सुराचंही तेच. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या १९६७ च्या पहिल्या अल्बमात जॉन केल व्हायोलावर (व्हायोलिनची जरा मोठी बहीण) एकच सूर मिनिटच्या मिनिटं ओढत राहतो. त्याच्या आधी तो न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग या संगीतकाराच्या मंडळींत होता, आणि ती मंडळी आपली वाद्यं अमेरिकेच्या ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० आवर्तनं) विजेच्या गुणगुणीशी जुळवायची. हे मी वाचलं तेव्हा दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. आमचा जन्म त्या गुणगुणीत गेला! आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मर गातो त्याच्या दुप्पट, १०० वर, कारण प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा ताणला जातो. डीपीजवळ उभं राहून एक मिनिट तो सूर धरा आणि मग केलचा व्हायोला ऐका. स्थिर सुराच्या पोटात केवढी हालचाल असते ते कळेल. यंग पुढे १९७० पासून किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला, म्हणजे तंबोऱ्याच्या घरी पोचलाच.

(व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या त्या अल्बमच्या कव्हरवर चित्रकार अँडी वॉरहॉलचं केळं आहे. सुरुवातीच्या प्रतींवर त्याची साल सोलता यायची, आत गुलाबी केळं. आमच्या केळीच्या तालुक्यात ते दाखवलं तर पहिला शेरा एकच मिळतो: माल जास्त पिकलाय, व्यापारी भाव पाडेल.)

इंग्रजी कळत नाही ही अडचण मला मोठी वाटत नाही. आइसलँडच्या सिगुर रोस या बँडने २००२ मध्ये असा अल्बम काढला की त्याचं नाव म्हणजे नुसते दोन कंस, आठही गाण्यांना नाव नाही, पुस्तिकेची पानं कोरी, आणि गायलंय ते निरर्थक बोलांत. मधोमध ३६ सेकंद शांतता. तिथे इंग्रजीवाल्याचं नि आपलं कळणं सारखंच. आणि घरचंच काही हवं असेल तर आपल्याकडच्या इंडियन ओशन या बँडचा 'कंदिसा' (२०००) घ्या, सात गाणी. त्याचं पहिलं गाणं 'मा रेवा'. रेवा म्हणजे नर्मदा, आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तरेच्या शिवेवरून वाहणारी. नवख्याला मी नेहमी इथूनच सुरुवात करायला लावतो, कारण चाल ओळखीची वाटते आणि तिच्याभोवती गिटार आणि बास काय करतायत ते वेगळं ऐकता येतं.

आता मार्क.

गाण्यागणिक मार्क देऊन सरासरी काढू नका. 'किड ए' (रेडिओहेड, २०००) मधलं 'ट्रीफिंगर्स' एकटं ऐकलं तर पाचाच्या वर जाणार नाही; ना ताल, ना शब्द. पण त्याच्याआधी 'हाऊ टू डिसअपीअर कम्प्लीटली' आहे, आणि त्या गाण्यानंतर माणसाला श्वास घ्यायला तेवढी मोकळी जागा लागतेच. सरासरीत ही जागा तोट्यात दिसते.

मी दहापैकी देतो, अर्ध्या मार्कापर्यंत. ७.३ वगैरे सोनाराचे काटे आपल्याला नकोत. पाच म्हणजे पूर्ण ऐकला, पुन्हा लावायची ओढ नाही. सात म्हणजे वर्षातून एकदा तरी हात जाईल. नऊ म्हणजे कुणी मोटार घेऊन आलं तरी 'थांब रे भो, हे संपू दे' असं तोंडातून निघेल. आणि प्रत्येक आकड्याला एक खुंटा ठोकून ठेवा, म्हणजे असा एक अल्बम जो तुम्हाला नीट पाठ आहे. माझा नवाचा खुंटा स्लिंट या बँडचा 'स्पायडरलँड' (१९९१): सहाच गाणी, चाळीस मिनिटांच्या आत, निम्मं पुटपुटणं, आणि शेवटच्या गाण्यात ते पुटपुटणं फुटतं. आठाचा 'कंदिसा'. नवीन अल्बम आला की त्याला हवेत मार्क द्यायचे नाहीत. खुंट्याशेजारी उभा करायचा नि विचारायचं, यापेक्षा उंच की बुटका. गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या बँडचा २००० चा दुहेरी अल्बम, चार तुकडे मिळून जवळजवळ दीड तास, माझ्याकडे साडेआठवर आहे, कारण पहिली तबकडी 'स्पायडरलँड'च्या खांद्याला लागते आणि दुसरीचं शेपूट लांबतं.

बीफहार्टसारख्यांसाठी दोन रकाने करा. एकात कारागिरी, दुसऱ्यात ओढ. त्याला कारागिरीचे नऊ, ओढीचे साडेपाच. वहीत वर मी ओढीचाच आकडा लिहितो. मला विचारतात ते "काय ऐकू?" असं, "कशाला मान देऊ?" असं कुणी विचारत नाही.

आणि जो कळलाच नाही त्याला कमी मार्क देऊ नका. तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि पान दुमडून ठेवा. माझ्या वहीत 'आउम्ग्न'वर अजून प्रश्नचिन्ह आहे.

दुसऱ्यांचे मार्क आपले लिहून झाल्यावरच बघा. 'किड ए' आला तेव्हा 'पिचफोर्क' या संगीताच्या वेबसाइटने दहापैकी दहा दिले आणि इंग्लंडच्या 'मेलडी मेकर' या संगीताच्या साप्ताहिकाने पाचपैकी दीड. एकच अल्बम, एकच मोसम. पुढे 'रोलिंग स्टोन' मासिकाने त्याला त्या दशकातला सर्वोत्तम ठरवलं. म्हणून दीड देणारा मूर्ख होता असं मी म्हणणार नाही. त्याने का दिले ते लिहिलं होतं, त्यामुळे त्याच्याशी भांडता तरी येतं. नुसत्या आकड्याशी भांडता येत नाही.

आखाजीला दिलेले मार्क दिवाळीत तपासायचे. जुना आकडा खोडरबरने पुसू नका, एक रेघ मारा नि शेजारी नवा लिहा. 'लव्हलेस'समोर माझ्याकडे सहा, आठ, साडेनऊ असे तीन आकडे ओळीने आहेत आणि प्रत्येकाशेजारी तेव्हाचं वाक्य आहे.

क्रम विचाराल तर: 'कंदिसा', 'स्पायडरलँड', 'किड ए', 'लव्हलेस', मग 'टागो मागो', आणि 'लाफिंग स्टॉक' पावसाळा संपल्यावर. 'ट्राउट मास्क' सगळ्यात शेवटी, आणि घरात पाहुणे असताना तर अजिबात नको. आमच्या घरात शेवभाजीच्या पंगतीला तो एकदा वाजला होता. सासरेबुवांनी घास हातात धरून विचारलं, "मोटर जळनी का रे भो?"